पिस्तुलाच्या काडतुसात रायफलचा प्राइमर: बसतो, पण पेटतो का?

२०२०च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या दुकानांतून प्राइमर, म्हणजे काडतुसाच्या बुडात बसणाऱ्या आणि ठोका लागला की पेटणाऱ्या बारीक टोप्या, गायब झाले. कोविड, निवडणुकीचं वर्ष आणि नव्यानं बंदूक घेणाऱ्यांची रांग, असं सगळं एकदम आलं. त्यात रेमिंग्टन कंपनीनं त्याच जुलैत दिवाळखोरीचा अर्ज केला. हजार प्राइमरचा जो डबा आम्ही तीस-पस्तीस डॉलरला उचलत होतो, तो शंभराच्या घरात गेला आणि तरीही मिळेना. स्मॉल पिस्टल प्राइमरची फळी महिनोन्‌महिने रिकामी असायची. शेजारच्या फळीवर मात्र अधूनमधून स्मॉल रायफलचा एखादा डबा दिसायचा. दोघांचा व्यास एकच, उंचीही एकच. मग आमच्यासारख्या घरी काडतुसं भरणाऱ्यांच्या डोक्यात तोच प्रश्न आला: हे चालतील का?

चालतात. मी हजारो वापरले आहेत. पण पहिल्याच वेळी क्लबच्या सामन्यात, बझर वाजल्यावर तिसऱ्या लक्ष्यावर चाप ओढला आणि नुसता ‘खट्’ आवाज आला. स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, ओढून ते काडतूस बाहेर टाकलं, पुढचं आलं, पुन्हा ‘खट्’. नंतर ती दोन्ही काडतुसं भिंगाखाली पाहिली. मेणावर नख टेकवावं तेवढाच उथळ खड्डा प्राइमरवर उमटला होता. प्राइमरमध्ये काहीच दोष नव्हता. चाप हलका व्हावा म्हणून मीच पिस्तुलात नरम स्प्रिंग बसवली होती आणि रायफल प्राइमरची धातूची जाड वाटी फोडण्याइतका जोर तिच्यात उरला नव्हता. घरी गॅरेजमध्ये दहा प्राइमर नीट बसलेले पाहून मी खुश झालो होतो. पॉकेटमध्ये, म्हणजे काडतुसाच्या बुडातल्या खोबणीत, बसणं आणि पेटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. म्हणून हा लेख मी बंदुकीच्या बाजूनं लिहितो आहे.

आधी कायद्याचं, कारण वाचणारे भारतातही आहेत. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी काडतुसं भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही. विकायची असतील तर लागतो. राज्यांचे नियम मात्र वेगवेगळे आहेत, ते आपापल्या राज्याचे पाहून घ्यावेत. भारतात चित्र पूर्ण उलटं आहे. १९५९च्या शस्त्र कायद्यात ‘दारूगोळा’ या शब्दात काडतुसाचे सुटे भाग आणि ते बनवायची यंत्रंसुद्धा येतात, आणि परवान्याशिवाय ते बनवणं हा गुन्हा आहे. तेव्हा पुण्या-मुंबईत बसून यातलं काहीही करू नका. आणि अमेरिकेतून सुट्टीला घरी जाताना रेंजवर नेलेली बॅग सामानासाठी वापरू नका. कप्प्याच्या शिवणीत अडकलेलं एक काडतूस मुंबईच्या विमानतळावर तुमची अख्खी सुट्टी खाऊन टाकेल.

प्राइमरच्या आत काय असतं

दिवाळीत टिकल्यांचं पिस्तूल उडवलं असेल तर तत्त्व आपल्याला ठाऊकच आहे. टिकली दोन कठीण गोष्टींमध्ये चेचली की फुटते. प्राइमरमध्ये धातूची एक छोटी वाटी असते, तिच्या तळाशी लेड स्टिफ्नेट असलेल्या स्फोटक मिश्रणाचा थर आणि त्यावर तीन किंवा दोन पायांची बारीकशी ऐरण. फायरिंग पिन वाटीला बाहेरून ठोका देते, वाटी आत दबते, मिश्रण ऐरणीवर चिरडतं आणि ठिणगी केसच्या, म्हणजे काडतुसाच्या पितळी कवचाच्या, भोकातून दारूत जाते. इंग्लंडच्या एडवर्ड बॉक्सर यांनी १८६०च्या दशकात हे ऐरण आतच ठेवण्याचं रूप बसवलं. अमेरिकेत आपण जे प्राइमर भरतो ते सगळे त्याच घराण्यातले.

आता सगळा खेळ त्या वाटीच्या जाडीचा आहे. सीसीआय या कंपनीचा साधा स्मॉल पिस्टल, म्हणजे ५०० क्रमांकाचा, वाटीला सुमारे ०.०१७ इंच जाड असतो. त्यांचाच स्मॉल रायफल ४०० सुमारे ०.०२० इंच आणि मॅग्नम रायफल ४५० सुमारे ०.०२५ इंच. हजारांश इंचाचा फरक ऐकायला काहीच वाटत नाही, पण ५०० वरून ४५० वर गेलात तर वाटी जवळजवळ दीडपट जाड होते. रायफलमध्ये हे लागतंच. .२२३ रेमिंग्टन या रायफलच्या काडतुसाचा कमाल दाब ५५,००० पीएसआय (चौरस इंचाला पौंड), पिस्तुलाच्या ९ मिलिमीटरचा ३५,०००, आणि .४५ एसीपीचा फक्त २१,०००. पातळ वाटी रायफलच्या दाबाखाली फाटते. म्हणून उलटी अदलाबदल, म्हणजे पिस्टल प्राइमर रायफलच्या काडतुसात, कधीही करायची नाही. गरम वायू मागे बोल्टमध्ये, म्हणजे जवळपास तुमच्या डोळ्यांकडे येतो. शिवाय एआर-१५ सारख्या रायफलमध्ये फायरिंग पिन मोकळी असते. बोल्ट बंद होताना ती प्राइमरला हलका ठोका देतेच, आणि मऊ वाटी त्या ठोक्यानंही पेटू शकते.

दुसरी गोष्ट ज्वालेची. रायफलच्या केसमध्ये दारू जास्त आणि पेटवायला अवघड, त्यामुळे स्मॉल रायफलचं मिश्रण सर्वसाधारणपणे जरा तेज असतं. ९ मिलिमीटरच्या केसमध्ये जागा इवलीशी. तिथे प्राइमरच्या जोरात थोडी भर पडली तरी ती दाबात दिसते.

लार्ज प्राइमर: इथे विचारही नको

.४५ एसीपी किंवा .४४ मॅग्नममध्ये लार्ज रायफल प्राइमर घालू का, हा प्रश्न मला अजूनही कोणीतरी विचारतं. नाही. व्यास ०.२१० इंच, दोन्हींचा सारखा. पण लार्ज रायफलची उंची लार्ज पिस्टलपेक्षा साधारण ०.००८ इंच जास्त असते. पिस्तुलाच्या केसमध्ये तो पूर्ण आत जात नाही, तळाबाहेर डोकावत राहतो. अशा काडतुसावर स्लाइड आदळली की चाप न ओढताही ते उडू शकतं, आणि रिव्हॉल्व्हरचं सिलिंडर तर फिरतच नाही. जोर लावून तो आत दाबायचा प्रयत्न करणारेही मी पाहिले आहेत. त्यांना हात जोडून सांगतो, करू नका. .५०० स्मिथ अँड वेसनसारखी काही मोठी काडतुसं लार्ज रायफलसाठी बनवली आहेत, ती गोष्ट वेगळी.

स्मॉल रायफल मात्र पिस्तुलांच्या जगाला नवा नाही. .४५४ कॅसुलला कारखान्यातूनच तो लागतो, कारण तिथे दाब ६५,००० पीएसआयपर्यंत जातो. यूएसपीएसए या अमेरिकन नेमबाजी संघटनेच्या ओपन विभागात .३८ सुपर किंवा ९ मिलिमीटर मेजर, म्हणजे जास्त जोराची काडतुसं, भरणारे वर्षानुवर्षं हेच प्राइमर वापरतात. त्यांची पिस्तुलं त्यासाठीच जुळवलेली असतात. आपली असतात की नाही, एवढंच पाहायचं.

पहिली पायरी: पिस्तूल ओळखा

हीच पायरी सगळ्यात महत्त्वाची, म्हणून इथे वेळ घ्या.

हॅमर असलेलं आणि कारखान्याच्या स्प्रिंगचं पिस्तूल, उदाहरणार्थ २३ पौंडांची मेनस्प्रिंग असलेलं १९११ मॉडेल, ०.०२० इंचाची वाटी बहुतेक वेळा कुरकुर न करता फोडतं. कारखान्याच्या स्प्रिंगचं ग्लॉकही साधारण फोडतं. अडचण येते ती ‘ट्यून’ केलेल्या बंदुकांत. स्पर्धेचं सीझेड पिस्तूल, ज्यात हॅमरची स्प्रिंग हलकी केली आहे. रिव्हॉल्व्हर, ज्याचा डबल ॲक्शन चाप (जो ओढतानाच हॅमर मागे नेऊन सोडतो) सहा-सात पौंडांवर आणला आहे. असे लोक मुळात फेडरल कंपनीचाच पिस्टल प्राइमर शोधत फिरतात, कारण नेमबाजांच्या अनुभवात त्याची वाटी सगळ्यांत मऊ. ज्या पिस्तुलाला साधा सीसीआय पिस्टल प्राइमर जड जातो, त्यात रायफल प्राइमर घालायचा विचार सोडा, किंवा कारखान्याची स्प्रिंग परत बसवा. मी शेवटी तेच केलं. चाप दीड पौंड जड झाला आणि आठवड्याभरात बोटाला त्याची सवय झाली.

पिस्तूल कोणाकडून जुनं घेतलं असेल तर आत कोणती स्प्रिंग आहे ते गृहीत धरू नका. उघडून पाहा. आणि ही बंदूक घरातल्या संरक्षणासाठीही ठेवत असाल, तर त्या कामाच्या काडतुसांत ही अदलाबदल अजिबात नको. तिथे कारखान्याचीच काडतुसं ठेवा.

दुसरी पायरी: डबा नीट वाचा

‘स्मॉल रायफल’ एवढंच पाहून डबा उचलू नका. मॅग्नम, बेंचरेस्ट, मिलिटरी असे प्रकार असतात. सीसीआयचा ४१ हा लष्करी प्रकार ४५० सारखाच जाड वाटीचा. पिस्तुलासाठी पहिली पसंती साध्या, पातळ वाटीच्या रायफल प्राइमरला. सीसीआय ४०० त्यातला. रेमिंग्टनचा साडेसहा क्रमांकाचाही पातळ वाटीचा, तो मुळात .२२ हॉर्नेटसारख्या सौम्य काडतुसासाठी आहे. साडेसात क्रमांकाचा मात्र जाड, नावात अर्ध्याचं साम्य म्हणून गफलत होते. उघडे, डब्याबाहेरचे प्राइमर कोणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका. डोळ्यांनी पिस्टल आणि रायफल वेगळे ओळखता येत नाहीत, मला तरी येत नाहीत.

तिसरी पायरी: केस आणि बसवणं

केसेस वेगळ्या काढा. .४५ एसीपीमध्ये हल्ली काही केसेसना स्मॉल पॉकेट असतं, काहींना लार्ज, आणि रेंजवरून गोळा केलेल्या ढिगात दोन्ही मिसळलेले असतात. लष्करी ९ मिलिमीटरच्या केसमध्ये पॉकेटच्या कडेला आवळलेली पाळ असते. ती स्वेजरनं दाबून किंवा रीमरनं काढून घेतल्याशिवाय कुठलाच प्राइमर सरळ जात नाही.

पॉकेटमधली काजळी एरवी मी पिस्तुलासाठी काढत नाही. या कामात काढतो, आणि कारण सांगतो. स्मॉल पॉकेटची खोली ०.११७ ते ०.१२३ इंच. तळाशी राख साचली की ऐरणीचे पाय तळाला टेकत नाहीत. मग फायरिंग पिनचा पहिला ठोका प्राइमर आत सरकवण्यातच खर्च होतो आणि दुसऱ्या ठोक्याला काडतूस उडतं. अशा ‘दुसऱ्यांदा उडालं’ प्रकारात दोष बहुतेक वेळा बसवण्याचाच असतो, वाटीचा नव्हे. मऊ वाटीत ही चूक झाकली जाते, जाड वाटीत चव्हाट्यावर येते.

पहिले पन्नास प्राइमर प्रोग्रेसिव्ह प्रेसवर, म्हणजे हँडलच्या एका ओढीत सगळी कामं करणाऱ्या यंत्रावर, न बसवता हाताच्या प्राइमिंग टूलनं बसवा. प्राइमर आत सरकताना एकसारखा अडथळा जाणवतो, मग पाय तळाला टेकल्याचा हलका कठीण स्पर्श होतो, आणि तिथून अगदी किंचित दाब. प्राइमर केसच्या तळाच्या ०.००३ ते ०.००५ इंच खाली हवा. कॅलिपर नसेल तर केस आरशाच्या तुकड्यावर उभी करा. डुगडुगली तर प्राइमर वर आहे. बोटाचं टोक फिरवूनही कळतं, आणि ही सवय प्रत्येक काडतुसाला लावून घ्या.

डोळ्यांवर चश्मा हवाच. प्राइमर अडकला, उलटा गेला, तर हँडलवर जोर काढू नका. प्रेसच्या नळीत शंभर प्राइमर एकावर एक उभे असतात आणि एक पेटला तर सगळी नळी पेटते. आणि दारू, गोळी भरून झालेल्या काडतुसाचा प्राइमर वर राहिल्याचं लक्षात आलं, तर तो पुन्हा दाबून खाली करायचा नाही. ते काडतूस सरळ बाजूला काढा.

चौथी पायरी: नुसता प्राइमर उडवून पाहा

पाहिजे तर ही पायरी पूर्ण लेखातून उचला आणि बाकी विसरा. दारू आणि गोळी न घालता, फक्त प्राइमर बसवलेल्या पन्नास केसेस रेंजवर घेऊन जा. रेंजवाल्याला आधी सांगा. कानाला संरक्षण, डोळ्याला चश्मा, नळी लक्ष्याकडे. एकेक केस चेंबरमध्ये घालून चाप ओढा. स्लाइड आपोआप मागे येणार नाही, हातानं ओढावी लागेल. पन्नासपैकी पन्नास पहिल्या ठोक्याला उडायला हवेत. एकोणपन्नास उडाले तरी मी नापासच धरतो, कारण सामन्यातली तिसावी गोळी नेमकी तीच निघते.

रिव्हॉल्व्हरवाल्यांनी एक लक्षात ठेवा. दारूचा दाब नसल्यामुळे केस मागे ढकलली जात नाही आणि उडालेला प्राइमरच मागे सरकून सिलिंडर अडवतो. एकेक करून उडवा, सिलिंडर घट्ट वाटला तर जबरदस्ती न करता हलक्या हातानं उघडा. आणि चाचणी डबल ॲक्शनमध्येच घ्या. तेव्हा हॅमर कमी अंतरावरून पडतो, म्हणजे ठोकाही कमजोर. सिंगल ॲक्शनला, म्हणजे हॅमर आधीच हातानं मागे ओढून, पास झालेला प्राइमर डबलला नापास होऊ शकतो.

जे उडाले त्यांच्यावरचे खड्डेही जुन्या पिस्टल प्राइमरच्या खड्ड्यांशेजारी ठेवून पाहा. खड्डा मधोमध आणि खोल हवा. उथळ किंवा कडेला असेल तर स्प्रिंग किंवा फायरिंग पिनकडे बघायची वेळ आली आहे.

पाचवी पायरी: दारूचं माप पुन्हा तळापासून

तुमचं नेहमीचं माप, ज्यावर दोन वर्षं डोळे झाकून विश्वास टाकलात, ते या प्राइमरसोबत चालेल असं धरू नका. प्राइमर बदलला की नवी कृती. दारू आणि गोळी बनवणाऱ्या कंपनीच्या छापील तक्त्यात जे सुरुवातीचं माप दिलंय तिथे परत जा, साधारण ते कमालपेक्षा दहा टक्के खाली असतं. तिथून थोडं थोडं वर या, प्रत्येक टप्प्याला दहा-दहा काडतुसं. नेटवर कोणी टाकलेलं माप घेऊ नका. मी माझंही इथे देत नाही, कारण माझी नळी, माझी केस आणि माझा दारूचा लॉट तुमच्याकडे नाही.

क्रोनोग्राफ, म्हणजे गोळीचा वेग मोजणारं यंत्र, याच कामासाठी आहे. त्याच दिवशी, त्याच पिस्तुलातून, आधी जुन्या प्राइमरची दहा आणि मग नव्याची दहा. वेग किती वाढला यापेक्षा दहा गोळ्यांमधला फरक किती पसरला हे मला जास्त सांगून जातं. पसारा वाढला तर बहुधा ठोका कमजोर पडतोय आणि ज्वाला दरवेळी सारखी नाही. स्पर्धकांसाठी: १४७ ग्रेनची गोळी सेकंदाला ९०० फूट गेली तर पॉवर फॅक्टर (वजन गुणिले वेग, भागिले हजार) १३२.३. मायनर, म्हणजे कमी जोराच्या गटाची, किमान रेषा १२५. वेग वाढल्याचं दिसलं तर दारू कमी करून जुन्या आकड्यावर या, जास्तीच्या जोराचा तुम्हाला काही उपयोग नाही.

इथे एक सापळा आहे, त्यात अनुभवी लोकही पडतात. जास्त दाबाची खूण म्हणून आपण चपटा झालेला प्राइमर पाहतो. रायफलची जाड वाटी पिस्तुलाच्या दाबाला चपटी होतच नाही. दाब धोकादायक झाला तरी प्राइमर गुबगुबीत, गोल कडेचा दिसेल आणि आपण म्हणू, सगळं ठीक आहे. म्हणून डोळ्यांपेक्षा क्रोनोग्राफवर आणि तक्त्यावर विसंबा. तक्त्यातल्या वेगापेक्षा जास्त वेग मिळाला, तर दाबही वाढलेला आहे असंच समजा.

‘खट्’ आवाज आला तर

नळी लक्ष्याकडेच धरून तीस सेकंद थांबा. उशिरा पेटणारं काडतूस क्वचित असतं, पण हातात पेटू नये. मग बाहेर काढा. ‘खट्’ ऐवजी दबका ‘फुस्’ आला, धक्का कमी बसला, तर लगेच थांबा. प्राइमरच्या जोरावर गोळी नळीत जाऊन अडकलेली असू शकते, आणि तिच्यामागे दुसरी सोडली तर नळी फुगते किंवा फुटते. पिस्तूल रिकामं करा आणि नळी काढून आरपार उजेड दिसतो का ते पाहा. सामन्यात ‘टॅप-रॅक’ची, म्हणजे मॅगझिनला थाप मारून स्लाइड ओढायची, सवय इतकी अंगात भिनलेली असते की हात आपोआप चालतो. या प्राइमरची पहिली दोनशे काडतुसं सरावात, घड्याळाशिवाय उडवा.

साठवण आणि चिठ्ठी

प्राइमर मूळ डब्यातच ठेवायचे. बरणीत एकत्र ओतलेले प्राइमर म्हणजे बॉम्ब असतो. फेडरलचे ट्रे इतके मोठे का, तर त्यात प्रत्येक प्राइमर आडवा आणि एकमेकांपासून लांब ठेवलेला असतो म्हणून. अमेरिकेतल्या एनएफपीए ४९५ या अग्निसुरक्षेच्या मानकानुसार घरात दहा हजारांपर्यंत प्राइमर ठेवता येतात. लाकडी कपाट, कोरडी जागा, दारूपासून वेगळं आणि मुलांच्या हाताबाहेर.

आणि प्रत्येक डब्यावर चिठ्ठी: प्राइमरचा क्रमांक, दारू, माप, गोळीचं वजन, तारीख, आणि कोणत्या पिस्तुलासाठी. शेवटचं विसरू नका. माझ्याकडे लाल मार्करनं केसच्या तळावर रेघ ओढलेली काडतुसं फक्त जड स्प्रिंगच्या पिस्तुलात जातात. बायकोच्या पिस्तुलाची स्प्रिंग अजून हलकीच आहे, तिच्या मॅगझिनमध्ये लाल रेघ दिसली तर ती स्वतःच ते काडतूस माझ्या डब्यात परत टाकते.